खाडा, रजा आणि हक्काचा फंड

रविवारची सुट्टी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिलाही काही इतिहास असेल असं चटकन वाटत नाही. इंग्रजांच्या अमदानीत सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत. गिरणीतल्या माणसाला मात्र हा दिवस कुणी सहजासहजी दिला नाही. मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. त्यानंतर तीस वर्षं उलटली तरी गिरणी कामगाराला आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. मोठा सण आला तर भोंगा गप्प, एरवी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत साचे चालू.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. या सभांमधून एक अर्ज तयार झाला आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले. मागण्या अगदी साध्या होत्या. रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. झालेल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पगार मिळावा. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

या यादीतली पगाराची मागणी जरा थांबून पाहण्यासारखी आहे. महिना संपल्यावर पंधरा दिवसांत पगार द्या, एवढंच मागण्यासाठी अर्ज करावा लागत होता. मालकांकडे पैसे नव्हते म्हणून पगार अडत नव्हता. महिन्याची मजुरी हातात राखून ठेवली की माणूस गिरणी सोडून जाऊ शकत नाही, हे त्यामागचं गणित होतं. गावाकडे पेरणीला गेला तर परत येईलच, कारण पैसे इथे अडकलेले. आज ज्याला कर्मचारी टिकवणं म्हणतात, त्या विषयाचा आपल्याकडचा पहिला धडा हा असा आहे. माणूस खूष राहून टिकावा अशी अपेक्षाच नव्हती. तो अडकून टिकला तरी चालत होता.

दुसरा धडा खाड्याचा. खाडा हा शब्द ज्यांच्या घरात गिरणी होती, त्या प्रत्येक घरात होता. हजेरीत खंड पडला की खाडा. एक दिवस न सांगता घरी राहिलं की एका दिवसाचा पगार जाणार, हे समजण्यासारखं आहे. मुंबईच्या गिरण्यांत मात्र ‘डबल खाडा’ चाले. एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. कापडात डाग निघाला तर दंड, उशिरा आलं तर दंड. ही कापाकापी कायद्याने आवरली गेली ती १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यानंतर. पगार महिना संपल्यावर सात किंवा फार तर दहा दिवसांत दिलाच पाहिजे, हेही त्याच कायद्याने सांगितलं. म्हणजे लोखंडे यांच्या अर्जातल्या एका ओळीला कायद्याचं रूप यायला ५२ वर्षं लागली.

तिसरा धडा त्याहून कडक होता. १८५९ चा तेरावा कायदा. मालकाकडून आगाऊ पैसे घेऊन एखादा कारागीर किंवा मजूर काम सोडून गेला, तर मालक मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकत असे. मॅजिस्ट्रेट त्याला पैसे परत करायला किंवा कामावर परत जायला सांगे, आणि तेही न केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. कर्ज फेडता आलं नाही म्हणून दिवाणी दावा होणं वेगळं. इथे नोकरी सोडणं हाच गुन्हा ठरत होता. हा कायदा रद्द करणारा ठराव १९२५ साली झाला.

या सगळ्याच्या मध्ये उभा होता मुकादम, म्हणजे जॉबर. भरती तोच करायचा, रजा तोच द्यायचा, अडीनडीला कर्जही तोच द्यायचा. अरबीत मुकादम म्हणजे पुढे केलेला, अग्रभागी असलेला. गिरणीत मालक फारसा दिसत नसे, दिसायचा तो हा पुढे केलेला माणूस. कामगार टिकवणं हे त्याचं काम होतं आणि कामगार बदलत राहणं यात त्याचा फायदा होता, कारण नव्या माणसाकडून दस्तुरी मिळे. कुंपणच शेत खाणारं असेल तर माणूस टिकणार कसा? त्यामुळे मुंबईच्या गिरण्यांत दोन गोष्टी एकाच वेळी दिसत. दाराशी रोज सकाळी बदलीवाल्यांची रांग, आणि आत गैरहजेरीची कायमची तक्रार.

मग मुंबईत माणसं राहिली कशी? माझ्या मते त्यांना मालकांनी कमी आणि एकमेकांनी जास्त सांभाळलं. एका गावची वीस-पंचवीस माणसं मिळून गाळा घेत, पाळीपाळीने झोपत. कुणाची नोकरी गेली तर गाळ्यातली जागा जात नसे. मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर असेच आपल्या बिरादरीच्या आधाराने राहिले. आणि सगळ्यांच्या पोटाची काळजी घेतली खानावळवाल्या बायकांनी. महिनाभर उधार जेवू घालणारी बाई ही गिरणगावातली खरी कल्याण योजना होती, फक्त तिची नोंद कुठल्या कंपनीच्या अहवालात झाली नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा या बायकांकडे प्रथमच कुणी कामगार म्हणून पाहिलं.

मालकांचा तोरा एकदाच पुरता उतरला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग उघडकीला आला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गेली. पगार अडकला असला तरी जीव त्याहून मोठा होता. गिरण्या ओस पडल्या. तेव्हा मालकांची माणसं नाक्यानाक्यावर उभी राहून मजुरांसाठी चढी बोली लावू लागली. जो पगार दीड-दीड महिना हाती पडत नव्हता, तो रोजच्या रोज संध्याकाळी मिळू लागला. साथ ओसरल्यावर जुनी रीत परत आली. पण माणूस दुर्मीळ झाला की मालकाला सवलती सुचतात, हे त्या वर्षाने दाखवून दिलं. या विषयाचा सगळा पुढचा इतिहास या एका वाक्यात सांगता येईल.

तरी प्लेगच्या आधी, मुंबईपासून दूर, एका माणसाने वेगळी वाट धरून पाहिली होती. जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस गिरणी उघडली ती १ जानेवारी १८७७ रोजी. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून हे नाव. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे दाराशी. सगळं होतं, फक्त रोज वेळेवर येणारा कामगार नव्हता. नागपूरचे कोष्टी आणि मोमीन पिढ्यान्‌पिढ्या घरच्या मागावर बसणारे. हातमागाला भोंगा नसतो. विणकर आपल्या वेळेला बसतो, आपल्या वेळेला उठतो. शेतमजुराची तऱ्हाही तीच; पेरणी-कापणीला राबायचं, मधे सुस्तावायचं. यंत्राची शिस्त या माणसांच्या अंगात नव्हती आणि असण्याचं काही कारणही नव्हतं. गिरणीत गैरहजेरी फार होती.

इथे मुंबईचा मालक डबल खाडा लावून मोकळा झाला असता. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी उलटा विचार केला. बेझनजी मूळचे रेल्वेतले, गिरणीचा अनुभव नसलेले. कदाचित त्यामुळेच जुन्या सवयी त्यांना चिकटल्या नव्हत्या. नियमित येणाऱ्यांना बक्षिसं सुरू झाली, बक्षीस समारंभ होऊ लागले. साचेखात्यात हवा खेळती आणि दमट राहावी, आग विझवता यावी यासाठी यंत्रं बसली. त्यातली दमट हवा सुताच्या भल्यासाठीही होती, हे लपवण्याचं कारण नाही. कामगाराचं हित आणि सुताचं हित एकाच यंत्रात बसत असेल तर ते बसवायला शहाणा मालक लागतो, एवढंच. १८८६ साली निवृत्ती निधी सुरू झाला. १८९५ साली कामावर अपघात झालेल्याला भरपाई देण्याची पद्धत पडली. अपघात भरपाईचा सरकारी कायदा आला १९२३ साली, म्हणजे २८ वर्षांनी.

याला धर्मादाय म्हणायचं की धंदा? जमशेटजींच्या चरित्रातून जो माणूस दिसतो, तो हा भेदच मानत नव्हता असं मला वाटतं. निवृत्तीच्या निधीची एक गंमत आहे. पगार आजच्या कामाचा असतो, निधी उद्याच्या भरवशाचा. ‘तू वीस वर्षांनीही इथे असशील’ असं मालक कामगाराला सांगतो आणि त्याच वेळी ‘ही गिरणीही वीस वर्षांनी इथे असेल’ असं स्वतःला बजावतो. दोघांनाही थांबायची सवय लागते. दंडाने माणूस आजचा दिवस चुकवत नाही. निधीने तो पुढची वर्षं मोजू लागतो.

हाच विचार पुढे जमशेदपूरला मोठ्या प्रमाणावर झाला. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. पोलाद कारखाना त्यांच्या मुलांनी उभारला. पण शहर कसं असावं हे त्यांनी १९०२ मध्येच दोराबजींना पत्रातून कळवलं होतं. रुंद रस्ते, सावलीची झाडं, खेळायला मैदानं, आणि हिंदूंची देवळं, मुसलमानांच्या मशिदी, ख्रिस्त्यांची चर्चं यांच्यासाठी राखलेल्या जागा. कारखाना उभा राहण्याआधी कामगाराच्या नमाजाची आणि पूजेची जागा ठरवणारा उद्योजक मला आजही नवलाचा वाटतो. १९१२ साली तिथे पोलाद बनू लागलं आणि त्याच वर्षी आठ तासांचा दिवस लागू झाला. तेव्हाच्या कायद्याने कापड गिरणीत पुरुषाला दिवसाचे बारा तास राबवायची मुभा होती. १९१५ मध्ये मोफत औषधोपचार, १९१७ मध्ये कल्याण खातं, १९२० मध्ये पगारी रजा आणि भविष्य निर्वाह निधी, १९२८ मध्ये बाळंतपणाची सवलत.

हे वाचून कुणाला वाटेल, तिथे सगळं आलबेल असणार. तसं नव्हतं. १९२० आणि १९२२ मध्ये जमशेदपुरात मोठे संप झाले, १९२८ चा संप तर महिनोन्‌महिने चालला आणि त्यात सुभाषचंद्र बोस नेतृत्वाला आले. तारखा शेजारी ठेवून पाहा. निधीचं वर्ष १९२०, संपाचं वर्ष १९२०. बाळंतपणाच्या सवलतीचं वर्ष १९२८, मोठ्या संपाचं वर्षही १९२८. दूरदृष्टीचा मालक आणि संप करणारा कामगार या दोघांनी मिळून तो इतिहास घडवला आहे. एकट्याच्या नावावर तो लिहिता येत नाही.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, निवडुंगाच्या माळरानावर कारखाना आणि वसाहत दोन्ही एकदम वसवली. घरं, शाळा, पाणी सगळं कारखान्याचं. १९२० मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. कारखान्याची खबरबात सांगणारं हे पत्रक पुढे मराठीतलं एक मोठं मासिक झालं. वाडीतल्या माणसाला वाडीचा अभिमान असे. अशा वसाहतीची दुसरी बाजूही असते. घर कारखान्याचं असलं की नोकरीबरोबर छप्पर जातं. मालकाशी भांडताना माणसाला आपल्या चुलीची आठवण येते. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९१४ साली दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, कारण आदल्या वर्षी त्यांच्या कारखान्यात चौदा हजार जागा भरलेल्या ठेवायला पन्नास हजारांहून जास्त माणसं भरती करावी लागली होती. मजुरी दुप्पट झाली आणि माणसं टिकली. मात्र त्या पाच डॉलरसाठी कंपनीचे निरीक्षक कामगाराच्या घरी जाऊन तो दारू पितो का, बचत करतो का, हे तपासत. ज्याचा हात पाठीवर असतो, त्याची नजरही पाठीवर असते.

सवलत आणि हक्क यांतली ही ओढाताण मुंबईत बोनसच्या निमित्ताने उघडी पडली. पहिल्या महायुद्धाने गिरण्यांना अमाप नफा झाला आणि त्यानंतर काही वर्षं कामगारांना वर्षाकाठी एक महिन्याचा पगार बोनस म्हणून मिळाला. १९२३ साली मालकांनी तो बंद केला. १९२४ च्या सुरुवातीला दीड लाख कामगार बाहेर पडले. सरन्यायाधीश मॅक्लाऊड यांच्या समितीने निर्णय दिला, की बोनसवर कामगारांचा कायदेशीर दावा नाही. बोनस ही देणगी, देणाऱ्याची मर्जी. कामगाराच्या मनातलं गणित वेगळं होतं. आठवड्याने पगार मिळाला असता तर वर्षाचे ५२ आठवडे भरले असते. महिन्याच्या हिशोबात चार-चार आठवडे धरले तर ४८ च होतात, मग उरलेले चार आठवडे गेले कुठे? हे गणित कामगार चळवळीत आजही सांगितलं जातं. १९५० साली दोन लाख गिरणी कामगारांनी बोनससाठी दोन महिने संप केला. १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला. त्यात पुढे किमान ८.३३ टक्के हा आकडा आला. हा आकडा आला कुठून? शंभराला बारांनी भागा, ८.३३ येतात. म्हणजे बारा महिन्यांतला एक महिना. १९२३ साली जो तेरावा पगार मर्जीचा ठरला, तोच टक्केवारीचा वेष घालून कायद्यात परत आला.

सगळ्यांनाच टिकवायचं असतं का, हा प्रश्नही विचारायला हवा. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या सवलतीचं विधेयक आलं. रा. स. आसवले यांनी ते मांडलं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला, आणि १९२९ साली तो कायदा झाला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. पण त्याचा सगळा भार एकट्या मालकावर होता. मग काही ठिकाणी मालकांनी सोपा उपाय काढला. बाळंतपणाची वेळ येण्याआधी बाईला कमी करायचं, किंवा बाई घ्यायचीच नाही. त्याच १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात बाबासाहेबांनी आणखी एक प्रश्न लावून धरला. साचेखात्यात पगार सगळ्यांत चांगला, पण तिथे दलितांना शिरकाव नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ. मराठा विणकर आणि मोमीन विणकर एकाच साचेखात्यात शेजारी उभे राहिले, दोघांच्याही शेजारी दलिताला जागा झाली नाही. सवलतींचा इतिहास सांगताना ही रिकामी जागा दाखवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दाराच्या आत असलेल्याला काय मिळालं, एवढंच मोजून भागत नाही.

स्वातंत्र्याच्या आसपासच्या दहा वर्षांत या सगळ्या तुकड्यांना कायद्याचा सांगाडा मिळाला. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे प्रमुख होते. त्याच काळात, १९४४ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपुरात पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेला सुरुवात झाली. बाळंतपणाचा, आजारपणाचा खर्च एका मालकाऐवजी सगळ्यांच्या सामाईक निधीवर आला. १९२९ च्या कायद्यातली गोम अशी निघाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरवले. अडीचशे कामगार असतील तिथे कँटीन, पन्नास बायका असतील तिथे पाळणाघर, पाचशे कामगारांमागे कल्याण अधिकारी. १९५२ मध्ये भविष्य निर्वाह निधीचा कायदा आला, सुरुवातीला कापड, पोलाद, सिमेंट, कागद, सिगारेट आणि इंजिनिअरिंग या सहाच उद्योगांसाठी. १९७२ मध्ये ग्रॅच्युइटीचा कायदा: पाच वर्षं नोकरी झाली तर दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार.

मी गिरणी कामगाराचा मुलगा. आमच्या घरात ‘फंड’ हा शब्द अल्लाच्या नावाखालोखाल घेतला जाई. बहिणीचं लग्न फंडातून, घरावरचे पत्रे फंडातून. अब्बांना प्रॉव्हिडंट हा शब्द उच्चारता येत नसे, त्याची त्यांना गरजही नव्हती. मला शब्दांचा नाद असल्यामुळे मी त्यांच्या बोलण्यातले शब्द गोळा करत असे. पगार पोर्तुगीजांकडून आलेला. हजेरी, बदली, मुकादम, रजा हे सगळे अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत स्थिरावलेले. रजा या शब्दाचा मूळ अर्थ संमती, समोरच्याची खुशी. म्हणजे मुकादमाची मर्जी झाली तर सुट्टी. आणि मग कामगारांच्या बोलण्यात एक जोडशब्द आला: हक्काची रजा. हक्क हाही अरबीच. मर्जीच्या शब्दाला हक्काचा शब्द येऊन चिकटला आणि दोन परके शब्द मिळून अस्सल मराठी कामगाराची भाषा झाली. लोखंडे यांच्या अर्जापासून १९४८ पर्यंतचा प्रवास मला त्या दोन शब्दांत दिसतो.

पण कायद्याचा हा सांगाडा कारखान्याच्या भिंतीला टेकून उभा होता. ज्याला एक मालक नाही, त्याचं काय? पाठीवर पोती वाहणारा हमाल सकाळी एका व्यापाऱ्याचा, दुपारी दुसऱ्याचा. त्याला टिकवण्यात कुणालाच रस नाही. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या माथाडींना संघटित केलं आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरीबरोबर ठरावीक लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची. मंडळाने त्यातून हमालाला फंड, बोनस, रजा, औषधपाणी द्यायचं. मालक बदलत राहिले तरी खातं एकच. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू करून स्वस्त आणि चांगल्या जेवणाची सोय केली. कँटीनसाठी अडीचशे कामगारांची अट तिथे आड आली नाही. माणूस एका जागी टिकला तरच त्याला सवलत, हा जुना व्यवहार महाराष्ट्रातल्या हमालांनी मोडून दाखवला. या गोष्टीचा आपल्याला असावा तेवढा अभिमान नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे गिरण्याच गेल्या. जमिनीला भाव आला आणि कामगाराची गरज संपली. टिकवायचंच नाही असं ठरलं की सवलती किती पटकन विरतात, ते गिरणगावाने पाहिलं. त्याच सुमारास कंत्राटी कामगार वाढत गेला. एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर दोन माणसं. एकाच्या खिशात फंडाचा कागद, दुसऱ्याच्या खिशात ठेकेदाराचा मोबाईल नंबर.

आणि जे धडे आपण संपले असं समजत होतो, ते ऊसतोडीत चालूच आहेत. मराठवाड्यातलं जोडपं दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल घेतं आणि हंगामभर एक कोयता म्हणून बांधलं जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता. तिथेही मुकादम आहे, आणि तिथेही खाडा आहे. पडलेल्या दिवसाचा दंड उचलीतून वळता होतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये देशभर झाली, सरकारने चौकशी समिती नेमली, तेव्हा त्या बायकांच्या बोलण्यात हा शब्द पुन्हा ऐकू आला. पाळीच्या दिवसांत घरी राहिलं तर खाडा पडतो. १९३६ च्या कायद्याने गिरणीतून हाकललेला शब्द उसाच्या फडात जिवंत होता.

दुसरीकडे पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांत माणूस सोडून जातो ही मोठी चिंता आहे. तिथे व्यायामशाळा आहे, समुपदेशक आहे, वाढदिवसाचा केक आहे. २०१७ पासून बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. याला नावं ठेवण्याचं कारण नाही. मन थकतं, त्याचीही काळजी घ्यावी, हे उशिरा का होईना आपल्याला कळलं. पण ज्याच्याकडे हातात राजीनामा ठेवण्याची ऐपत आहे, त्याच्यापर्यंत हे सगळं आधी पोचतं. प्लेगच्या वर्षातला नाक्यावरचा लिलाव आणि हे, यांतलं तत्त्व एकच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या कामगार संहिता लागू झाल्या. मुदतीच्या करारावरच्या माणसालाही वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी मिळण्याची तरतूद त्यांत आहे. ती कागदावरून माणसाच्या हातात किती पडते, हे आपल्याला पाहायचं आहे.

कुठल्याही सवलतीची पारख करायला मी एक साधा प्रश्न विचारतो. माणूस काम सोडून निघाला, तर ती त्याच्याबरोबर निघते की त्याला मागे ओढते? अडवलेला पगार मागे ओढतो. उचल मागे ओढते. कंपनीचं घर जागेवरच राहतं. फंड बरोबर जातो; २०१४ पासून तर एकच खातेक्रमांक आयुष्यभर सोबत राहतो. विम्याचं कार्ड, माथाडीचं खातं, शिकलेलं कसब, मिळालेला मान, हे सगळं माणसाबरोबर चालतं. जे बरोबर चालतं ते त्याच्या मालकीचं. आणि अनुभव असा आहे, की जिथून मोकळेपणाने निघता येतं, तिथेच माणसं वर्षानुवर्षं राहतात.